आरसा वर असताना

दुपारी साडेतीन वाजता मुलीनं फळीवरून उडी मारली आणि ती पाण्यात पडलीच नाही. हे कळलं तेव्हा चार वाजत आले होते आणि दुसरी उडीही होऊन गेली होती. मुलगी टॉवेल गुंडाळून बाकावर बसली होती आणि तिच्या केसांतून पाणी टपकत होतं, तेव्हा ती पाण्यात पडली होती यात शंका घ्यायला जागा नव्हती. पण कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर ती फळीच्या टोकाशी गेली, पाण्याकडे पाठ करून उभी राहिली, हात वर नेले, फळी वाकली, फळीनं तिला वर फेकलं, ती वर गेली, आणखी वर गेली, आता अंग दुमडणार एवढ्यात चित्र संपलं. फोटोग्राफरनं ते परत लावलं. ती परत वर गेली आणि परत तिथेच राहिली.

"उरलेली कुठेय?" मॅडमनी विचारलं. मॅडम म्हणजे मुलीच्या प्रशिक्षक. मुलगी आठ वर्षांची असल्यापासून त्या तिला सूर मारायला शिकवत होत्या आणि तेव्हापासूनच त्या फोटोग्राफरला 'अहो फोटोग्राफर' म्हणत होत्या.

"असेल पुढे," तो म्हणाला.

"पुढे काय असेल? मी स्वतः पाहिलं ना तिला पाण्यात जाताना."

मुलगी वाकून पडद्यात बघत होती. तिच्या नाकाच्या शेंड्यावरचा थेंब पडद्यावर पडला. "बाबा, तू मला लटकवून ठेवलंयस," ती म्हणाली आणि हसत सुटली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

निवड समितीची अट साधी होती. दोन वर्षांपूर्वी ज्या उडीत मुलीचं मनगट मोडलं, तीच उडी तिनं पुन्हा मारून दाखवायची. फळीवर उभं राहिल्यापासून पाण्यातून डोकं वर येईपर्यंत एकसलग चित्रण, मध्ये काटछाट नको, शरीर स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि ते आज संध्याकाळी सहाच्या आत पोचलं पाहिजे. मनगटाच्या डॉक्टरीणबाईंनी ही उडी दिवसाला तीनदाच मारायची परवानगी दिली होती, चौथी नाही म्हणजे नाही. गेल्या आठवड्यात मॅडमनी फोनवर चित्रण करून बघितलं होतं. या आच्छादित तलावात उजेड कमी, खिडक्या उंच आणि कळकट, त्यामुळे फोनमध्ये मुलीच्या जागी एक धुरकट पट्टा फळीवरून पाण्यात गेला होता. "हे बघून समिती तुझी नाही, भुताची निवड करेल," मॅडम म्हणाल्या होत्या. तेव्हा फोटोग्राफर पुढे सरसावला होता. माझ्याकडे लेन्स आहे, तो म्हणाला होता. जुनी, जड, रिंग हातानं फिरवायची, पण तिच्या काचेत एवढा उजेड मावतो की मेणबत्तीपुढे बसलेल्या माणसाची पापणी मोजता येते. त्यानंतरचा आठवडाभर त्याला धड झोप लागली नव्हती, आणि ती काळजीनं नव्हे.

कारण असं, की तीस वर्षं वर्तमानपत्रात फोटो काढलेल्या या माणसानं चित्र हलताना पहिल्यांदाच बघितलं होतं. म्हणजे इतरांचं बघितलं होतं, स्वतःचं नाही. कॅमेरा तोच होता, लेन्सही तीच. त्या कॅमेऱ्यात व्हिडिओची सोय आहे हे त्याला माहीत होतं, जसं शेजारच्या जिन्यावर एक बंद खोली आहे हे माहीत असतं, तसं. ऑफिसात त्याचं टोपणनाव 'एकदाच' होतं. फिल्म मोजून मिळायची त्या काळात तो मंत्र्याचा असो की मांजराचा, एकच फोटो काढायचा, "एकदाच घेतो, पण घेतो," असं म्हणायचा, आणि ते नाव त्याला चिकटलं ते फिल्म गेली तरी सुटलं नाही. व्हिडिओ हा त्याला उधळपट्टीचा प्रकार वाटायचा. जिथे एक पुरतं तिथे सेकंदाला पंचवीस कशाला? पण या आठवड्यात त्यानं ऑफिसातल्या व्हिडिओ जोडणाऱ्या बाईला जाऊन विचारलं, आणि तिनं कॅमेरा हातात घेऊन दोन चाकं फिरवली. "काका, शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवा आणि तिथेच राहू द्या. तुम्ही हजाराव्यावर ठेवलंत तर सगळी चित्रं ठसठशीत येतील आणि माणूस धक्के खात चालेल. प्रत्येक चित्र थोडं पुसट पाहिजे. पुसट असलं तरच पुढच्यात मिसळतं." त्याला ते ऐकून अंगावर काटा आला. तीस वर्षं त्यानं पुसट चित्रं कचऱ्यात टाकली होती. हललं, टाक. हललं, टाक. आणि ही बाई सांगत होती की हलणं हेच दोन चित्रांमधलं तेल आहे.

मग घरात त्यानं उच्छाद मांडला. नळाखाली वाटी ठेवून ती भरताना त्यानं टिपली. पडदा वाऱ्यानं फुगून परत खिडकीला चिकटताना टिपला. लेन्सची रिंग बोटाच्या पेरानं किंचित फिरवली की जवळची वाटी विरघळायची आणि मागे बसलेली बायको उजळून वर यायची, अगदी पाण्यातून वर आल्यासारखी, आणि परत फिरवली की ती बुडायची. तो हे दहा-दहा वेळा करत बसला. आयुष्यभर त्यानं लोकांना 'हलू नका' म्हणून दरडावलं होतं, आणि आता बायकोला म्हणत होता, "हल ना गं, हल, अशी पुतळ्यासारखी काय बसलीस?" बायको म्हणाली, "तीस वर्षं हलू दिलं नाहीस, आता एकदम कशी हलू?" तरी ती उठून खिडकीपाशी गेली आणि तो तिच्यामागे रिंग फिरवत गेला. आपली बायको चालताना डावा खांदा जरा पुढे काढते हे त्याला त्या दिवशी दिसलं. तिचे फोटो त्याच्याकडे दोन कपाटं भरतील एवढे होते. खांदा एकाही फोटोत पुढे नव्हता.

आणि याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं कोणाला सांगितली नव्हती. त्याच्या कॅमेऱ्यात आरसा आहे. डोळा लावून बघतो ते या आरशातलं. बटण दाबलं की आरसा झटकन वर उचलला जातो, उजेड मागे जाऊन फोटो होतो, आणि आरसा परत खाली येतो. तेवढा वेळ डोळ्यापुढे अंधार. डोळ्याची उघडझापही याहून सावकाश होत असेल, पण अंधार तो अंधारच. ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तो क्षण फोटोग्राफरला दिसत नाही. त्याच्या आधीचा दिसतो, नंतरचा दिसतो. तीस वर्षांत त्यानं छापून आणलेले सगळे क्षण, पडणारी छपरं, तुरुंगाच्या फाटकातून बाहेर येणारे निर्दोष सुटलेले लोक, गोल झाल्यावर उघडलेली तोंडं, यांतलं काहीही त्यानं स्वतः पाहिलेलं नव्हतं. ते त्यानं दुसऱ्या दिवशी पेपरात पाहिलं, चहा पिताना, इतर सगळ्यांसारखं. मुलगी लहान असताना तिला हे त्यानं मोठ्या फुशारकीनं सांगितलं होतं. आपला व्यवसाय कसा जादूचा आहे, बघ, सगळ्यात महत्त्वाच्या वेळी बाबा आंधळा असतो आणि तरी बरोबर पकडतो! तिनं तेव्हा डोळे मिटून 'मी पण, मी पण' करत घरभर टाळ्या वाजवत माशा पकडल्या होत्या.

व्हिडिओ लावला की आरसा वर जातो आणि वरच राहतो. डोळा लावायच्या भोकात काळोख होतो, कॅमेरा तोंडापासून लांब धरावा लागतो, लहान मूल उचलून बघावं तसा, आणि मागच्या पडद्यावर सगळं दिसत राहतं. सगळं. आधीचं, मधलं, नंतरचं. आठवडाभर तो ज्यासाठी उतावीळ झाला होता ते हे होतं. वाटी भरताना शेवटचा थेंब काठावर फुगून उभा राहतो आणि मग सांडतो, ते फुगून उभं राहणं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा लेन्समधून पाहिलं होतं, आणि त्याच्या मनात तिथल्या तिथे एकच आलं होतं: फळीच्या वर, सगळ्यात उंच जागी, पोरगी.

मुलीचे तसे फोटो भिंतीवर होते. आठव्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंत, सगळे हवेतले. एकाही फोटोत ती ओली नव्हती, म्हणजे त्या उडीपुरती तरी. त्यातला शेवटचा दोन वर्षांपूर्वीचा. मुलगी अंग दुमडून, गुडघ्यांना हात भिडवून, फळीच्या वर एखाद्या मिटलेल्या मुठीसारखी, आणि चेहरा शांत. तो फोटो निघाला तेव्हा आरसा वर होता. आरसा खाली येऊन त्याला पुन्हा दिसायला लागलं तेव्हा मुलगी पाण्यात होती आणि एक आवाज होऊन गेला होता, लाकडावर पट्टी आपटल्यासारखा. त्या तलावावर तेव्हा दीडशे तरी माणसं होती. बायको गॅलरीत होती. फळीच्या कडेवर हात आदळलेला सगळ्यांनी पाहिला. बायकोनं तर इतका पाहिला, की ती त्यानंतर तलावावर आलीच नाही. फक्त त्यानं पाहिला नाही. पुढे हॉस्पिटलात सगळे एकमेकांना सांगत होते, अशी आली, असा हात गेला, आणि तो मान हलवत होता.

आता मॅडम म्हणाल्या, "दुसरी दाखवा. दुसरीत असेल ना पूर्ण?"

त्यानं चाक फिरवलं. दुसऱ्या उडीच्या आधी आणखी एक चित्रण निघालं, ज्याला काही अर्थ नव्हता. ओल्या फरशा, बाकाचा पाय, कोणाच्या तरी निळ्या सपाता. ते त्यानं पुढे ढकललं. मग दुसरी उडी. ती सुरू झाली तीच हवेत. मुलगी दुमडलेली, खाली येतेय, दुसरी कोलांटी पूर्ण, अंग सुटलं, हात, डोकं, पाय पाण्यात, पांढरं पाणी, मग काळं डोकं वर. तिघंही बघत राहिली. आणि तेवढ्यात त्याच्या सगळं लक्षात आलं.

चूक त्याच्या बोटाची होती, आणि ती त्यानं दोघींना सांगितली. व्हिडिओ सुरू करायचं बटण कॅमेऱ्यावर वेगळं असतं, पण त्याच्या बोटाला ते सापडेना, म्हणून त्यानंच सेटिंग बदलून फोटोच्या बटणावर व्हिडिओ घेतला होता. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. पहिल्या उडीला त्यानं दाबलं, चालू झालं. मुलगी सगळ्यात उंच पोचली आणि बोटानं तीस वर्षं केलं तेच केलं. बंद झालं. त्याला ते कळलंही नाही. पडद्यावर चित्र दोन्ही वेळी सारखंच दिसतं, फरक काय तो कोपऱ्यातल्या लाल टिंबाचा, आणि त्याचे डोळे मुलीवर होते. मुलगी पाण्यातून वर आल्यावर त्यानं बंद करायला म्हणून दाबलं तेव्हा ते चालू झालं, आणि कॅमेरा बाकावर आडवा पडून फरशा टिपत राहिला. दुसऱ्या उडीला चालू करायला म्हणून दाबलं तेव्हा बंद झालं. मग ती परत उंच पोचली, बोटानं परत दाबलं, आणि आता चालू.

"म्हणजे पहिलीचा वरचा भाग आहे आणि दुसरीचा खालचा," मॅडम हळूहळू म्हणाल्या.

"हो."

"मग तुमच्या ऑफिसातल्या त्या बाई जोडून देतील की."

हा विचार त्याच्याही मनात आला होता, त्याची लाज वाटावी इतक्या लवकर. तीच फळी, तोच पोशाख, उभं राहायची जागाही तीच. ती बाई चहा थंड व्हायच्या आत जोडून देईल आणि कोणाच्या बापाला कळणार नाही. पण दोन तुकडे समोर ठेवले तर मधला सांधा नेमका कुठे येत होता? जिथे हात फळीच्या कडेजवळून जातात तिथेच. समितीला जे बघायचं होतं ते दोन्ही तुकड्यांत नव्हतं. पुन्हा एकदा सगळं होतं, आणि ते तेवढं नव्हतं.

"जोडायचं नाही," मुलगी म्हणाली. "आहे ना अजून एक."

"एकच आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि यांचं बोट काय, मी धरून ठेवू? अहो फोटोग्राफर, पोरीनं जन्मभर मेहनत करायची आणि तुम्ही तिला अर्ध्यात सोडायचं?" मग त्यांना वाटलं असावं जरा जास्त झालं, कारण त्या म्हणाल्या, "जा गं, गरम पाण्याखाली उभी राहा. अंग गार पडू देऊ नको. वीस मिनिटांनी घेऊ."

दोघी गेल्या. तो बाकावर बसला. खरं तर त्यानं खचायला हवं होतं, पण छातीत भलतंच धडधडत होतं, पहिली नोकरी लागली त्या दिवशी धडधडलं होतं तसं. अर्धी उडी तर त्यानं पाहिली होती! आरसा वर असताना, उघड्या डोळ्यांनी. पण मग उंचावरचा तो क्षण? तो त्यानं पाहिला होता की नाही? पडद्यावर तर दिसत असणारच. त्यानं आठवून बघितलं आणि त्याला तिथे काहीच आठवेना. वर जाणारी मुलगी आठवत होती, खाली येणारी आठवत होती, मध्ये अंधार होता. कॅमेऱ्यातला आरसा वरच राहिला होता, पण बोट दाबताना तो स्वतःच मिटला होता, मिटायची सवय झालेल्या माणसासारखा. हे लक्षात आल्यावर तो इतका चकित झाला की मोठ्यानं "अरे!" म्हणाला, आणि पलीकडे पोहणाऱ्या एका म्हाताऱ्यानं थांबून वर बघितलं.

चाळा म्हणून त्यानं फरशांचं चित्रण लावलं. निळ्या सपाता आल्या, त्यांच्या शेजारी मुलीचे ओले पाय आले. पहिल्या उडीनंतर बायकोचा फोन आला म्हणून तो बाहेर गेला होता, तेव्हाचं हे. बायकोनं विचारलं होतं, लागलं नाही ना? नाही. तू बघितलंस? हो, तो म्हणाला होता. त्या वेळी कॅमेरा इथे फरशा ऐकत होता. त्यानं कॅमेरा कानाशी धरला.

"मान वर का जातेय आज?" मॅडमचा आवाज. "उडताना कोणाला शोधतेस?"

"बाबाला."

"ते काय समोरच उभे असतात, खांबासारखे."

"समोर असतो हो. बघत नसतो. फोटो निघतो तेव्हा त्याला अंधार दिसतो, त्यानंच सांगितलंय मला. मी वर असते ना, तेव्हा सगळे बघत असतात, बाबा सोडून."

"मग बरंय की. तेवढाच एक माणूस कमी." दोघी हसल्या. मग ओले पाय निघून गेले आणि फरशीवर त्यांचे ठसे राहिले, आणि ते ठसे, बघता बघता, कडेनं सुकत आत यायला लागले. त्याच्या बोटानं फोटो काढला असता तर ते नुसते ठसे राहिले असते. तो ते पूर्ण सुकेपर्यंत बघत बसला. छान फोकसमध्येही आले होते.

मुलगी आली तेव्हा तो म्हणाला, "ऐक. आज आरसा आधीपासूनच वर आहे. आज अंधार होत नाही."

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग बाकावरच्या कॅमेऱ्याकडे. काय ऐकलंस, कसं ऐकलंस, असलं काही तिनं विचारलं नाही. "मग बटण का दाबतोस?"

"ते दाबत नाही मी. ते दबतं."

"दबू दे," ती म्हणाली. मनगटाला गुंडाळायच्या चिकट पट्टीचा रोल तिच्या हातात होता. तिनं एक तुकडा दातानं तोडला, त्याची घडी केली, तिच्यावर आणखी एक घडी. "तू चालू कर. मग मी ही बटणाभोवती लावते, उशीसारखी. बटणाच्या वर पोकळी राहील. कितीही दाब, खाली पोचणार नाही."

"बंद कसं करणार?"

"पुढचं पुढे."

त्यानं दाबलं. कोपऱ्यात लाल टिंब आलं. या वेळी तिघांनीही ते डोळ्यांनी बघितलं, मॅडमनी तर बोट ठेवून. मुलीनं पट्टी लावली, वरून आडवी दुसरी लावली, आणि शिडीकडे गेली. चित्रण चालू होतं आणि त्यात तिची पाठ होती, शिडी चढताना एकेक पायरीनं लहान होत जाणारी, आणि त्याची डावी बोटं रिंगवर तिच्यामागे चालली होती. फोटो काढताना तो श्वास धरायचा. आता धरला तर किती वेळ धरणार? त्यानं सोडला. पडदा त्याच्या श्वासाबरोबर किंचित वरखाली व्हायला लागला आणि त्यानं तो होऊ दिला.

ती टोकाशी उभी राहिली. पाण्याकडे पाठ. टाचा हवेत. बराच वेळ. फळी वाकली. ती वर गेली. आणि त्याच्या उजव्या बोटानं दाबलं. त्याला जाणवलं, पेर पांढरं होईपर्यंत दाबलं, पट्टीच्या घडीत रुतलं, आणि खाली काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून तो मिटायचा राहून गेला. लाल टिंब तिथेच होतं, आणि मुलगी तिथे होती, सगळ्यात उंच, आणि ती मुळीच थांबलेली नव्हती! भिंतीवरच्या फोटोंत ती शांत मुठीसारखी लटकलेली असायची, तशी ती कधी नव्हतीच. तिचं तोंड उघडं होतं. गाल थरथरत होते. पोटऱ्या ओढ घेत होत्या, केसांतून पाणी सुटून बाहेर भिरकावलं जात होतं, आणि डोळे, ते त्यानं नीट पाहिलं, डोळे फळीकडे नव्हते, क्षणभर सरळ लेन्समध्ये होते. मग ती गोल फिरली आणि हात फळीच्या कडेपासून वीतभर लांबून गेले. वीतभर! त्यानं ती वीत पाहिली. त्या वीतभर फटीतून पलीकडची खिडकी दिसली, कळकट काच आणि उजेड. दोन वर्षांपूर्वी ही वीत नव्हती, हे त्याला आज दिसलं. दुसरी कोलांटी, अंग सुटलं, पाणी. त्याची डावी बोटं एक निमिष मागे राहिली आणि पांढरं पाणी पडद्यावर मऊ झालं, मग कडक झालं.

पाणी हलत होतं. टिंब चालू होतं. मग डोकं वर आलं, जिथे तो लेन्स रोखून होता त्याच्या डावीकडे, आणि तो हळूच तिकडे वळला. मुलीनं तोंडावरचं पाणी पुसलं. तिनं मॅडमकडे बघितलं नाही.

"बघितलंस?" तिनं तिथूनच ओरडून विचारलं.

"हो," तो म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की छताला आदळून परत आला.

मॅडमनी एकदा फळीच्या कडेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पाणी जरा जास्त उडालं. मान पुन्हा वर गेली. पण हात…" आणि पुढे काही न बोलता त्या मुलीसाठी टॉवेल आणायला गेल्या. त्यांच्या निळ्या सपाता फटक फटक वाजत गेल्या तेही चित्रणात आलं, कारण ते अजून चालूच होतं. पट्टी न काढता ते कसं बंद करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी मुलीनं, टॉवेलमध्ये कुडकुडत, मागची खिट्टी फिरवून कॅमेराच बंद केला.

सहाला दहा मिनिटं कमी असताना चित्रण समितीकडे गेलं, सपाता तेवढ्या गाळून, मुलीचं डोकं वर येऊन ती प्रश्न विचारते तिथपर्यंत, मधे कुठेही काटछाट न करता. पाण्यात शिरताना ते निमिषभर मऊ झालं आहे हे मोठ्या पडद्यावर डोळ्यांत येईल का, हे छोट्या पडद्यावरून सांगता येत नाही. बायकोनं ते फोनवर मागवून घेतलं आणि अजून उघडलेलं नाही. समितीनंही उघडलेलं नाही. कॅमेरा जेवणाच्या टेबलावर आहे आणि बटणावरची पट्टी तशीच आहे.